बिनकलमी

शर्वरीबाईंनी बाटली पुढे धरली तेव्हा
लेबलाआधी मी माझा अंगठा पाहिला.
एकतीस वर्षं मांजरीच्या नर्सरीत डोळे भरतोय,
चाकूची खूण नखाच्या मुळाशी मुरली आहे.

"भानुदासराव, या वेलीला चाकू लागलेला नाही.
खुंट नाही, कलम नाही, आपल्याच मुळावर उभी.
फ्रान्समध्येही अशा आता थोड्याच."
औंधातली चौथ्या मजल्यावरची गच्ची, सहा पेले,
आणि मी पाहुणा, म्हणजे
विरुद्ध पक्षाचा साक्षीदार.

गोष्ट मला पाठ आहे.
दीडशे वर्षांपूर्वी मुळांना लागलेली पिवळी कीड,
टाचणीच्या डोक्याहून लहान,
मुलूखच्या मुलूख वाळवून गेली.
मग अमेरिकेतून रानटी खुंट आणला,
त्यावर तिकडची फांदी बांधली.
माझं पोट त्याच कापावर चालतं.
ही वेल वाचली ती रेतीमुळे:
रेतीत किडीची वाट टिकत नाही, ढासळते.

बाटली तासभर माठाला टेकून ठेवली होती.
बाकीचे म्हणाले, व्हायोलेट, ग्राफाइट.
व्हायोलेट मी पाहिलेलं नाही.
मला आला पेन्सिलीला टोक काढतानाचा वास,
मग पिकायच्या आदल्या दिवशीचं करवंद,
आणि खाली कुठेतरी ढोबळी मिरचीचं देठ.
तोंडात पातळ, पण पळपुटी नाही.
कोऱ्या चहासारखी हिरड्यांना जरा धरते,
सोडते.

चीजबरोबर ती सभ्य वागली.
सुरळीच्या वडीशी बोललीच नाही.
ठेच्याचा कण जिभेवर पडला आणि बिथरली,
नुसता स्पिरिटचा जाळ.
एका गृहस्थांनी दोष ठेच्याचा ठरवला,
आणि ठेचा संपवला.

मग माझा डबा निघाला.
कौसाने दिलेली हुलग्याची शेंगोळी,
लसणाचा दाट रस्सा, गारढोण झालेला.
लाजतच झाकण काढलं.
एक घास. एक घोट.

हुलग्याचा तो कोरडा, घोड्याच्या पागेचा वास
वाइनमध्येही होता की काय!
इतका वेळ लपून बसलेला, तो बाहेर आला.
लसणाने करवंद गोड केलं.
शर्वरीबाईंनी दुसरा चमचा न विचारता घेतला,
तिसराही.

"बघा," त्या म्हणाल्या,
"मूळ स्वतःचं असलं की चव अशी उतरते."

मी मान हलवली.
खुंटाचं नाव बाटलीवर कधी नसतं.
खारं पाणी तो पितो, चुनखडी तो सोसतो,
दुष्काळात चार हात खाली तो जातो,
आणि घड गोड झाला की कौतुक फांदीचं.
त्याची चव कुठल्या पेल्यात घ्यायची?
हे मी बोललो नाही. वाइन परक्याची होती.

शिवाय रेतीतल्या त्या वेलीचं तरी काय,
कुणाच्या बुटाला चिकटून
चिमूटभर चिकणमाती आली, की संपलं.
म्हणून पुढचा घोट हळू घेतला.
दोन लाख कलमं बांधली असतील मी,
हा घोट काही मला बांधता आला नसता.
हेही खरंच.

शेवटची बस. मुंढव्याच्या पुलावर
नदीचा वास नाकात शिरला
आणि करवंद गेलं.

कौसा जुन्नरकडची. शेंगोळी तिच्या माहेरची.
आमच्या आळीत मात्र अजून
माझ्या आईच्या हातची म्हणूनच चालते.

रिकामा डबा घासता घासता तिने विचारलं,
"कुणी केली, विचारलं का कुणी?"

"विचारलं की," मी म्हणालो.

कुणी विचारलं नव्हतं.